पाहिजे : चालू स्थितीतलं अपयश

सध्या बाणेर-बालेवाडी पट्ट्यात चांगल्या अपयशाची तीव्र टंचाई आहे. पाण्याचीही आहे, पण त्याला निदान टँकर मिळतो. अपयशाचा टँकर अजून निघालेला नाही. निघेल म्हणा, कारण गिऱ्हाईक तयार आहे. वय चाळीस ते अठ्ठेचाळीस, आयटीत वीस वर्षं, हाताखाली साठ-सत्तर माणसं, डोक्यावर दोन फ्लॅटचे हप्ते आणि डोळे डायरेक्टरच्या खुर्चीवर. मुलाखतीच्या पाच-सहा फेऱ्या असतात. सिस्टीमचं डिझाईन काढून दाखवा म्हटलं, तर हा बाण आणि चौकोन काढून फळा भरून टाकतो. पहिल्या तीन महिन्यांत काय करणार, याचा 30-60-90 चा आराखडा याच्याकडे रंगीत छापून तयार असतो. घोडं पेंड खातं ते एकाच प्रश्नावर : ‘तुमच्या एखाद्या अपयशाविषयी सांगा.’

अपयशं नाहीत असं नाही, ढीग पडलाय. पण सांगण्याजोगं एकही नाही.

‘मी परफेक्शनिस्ट आहे, हाच माझा दोष’ हे अपयश कधीच मोडीत निघालं. आता खरं अपयश लागतं. किती खरं, हे सांगायला कोच असतो. हा पूर्वी स्वतः मुलाखती घेत असे. आता त्या कशा द्यायच्या ते शिकवतो आणि तासावर पैसे घेतो. अपयशाची मापं त्याने ठरवून दिली आहेत. अपयश निदान दोन नोकऱ्या जुनं हवं, म्हणजे ते पाहिलेली माणसं एव्हाना पांगलेली असतात. पैसा बुडालेला चालतो, पण कोटींत नको. लाखांत बरा दिसतो. चूक तुमचीच हवी, मात्र ती आळसातून, अहंकारातून, लबाडीतून किंवा अज्ञानातून झालेली नको. म्हणजे जगातली बहुतेक अपयशं इथेच बाद झाली. उरली तीन कारणं. टीमवर जरा जास्तच विश्वास टाकला. ग्राहकासाठी जरा जास्तच घाई केली. किंवा सगळा भार जरा जास्तच दिवस एकट्याने वाहिला. नीट पाहा, तिन्ही गुणच आहेत. फक्त त्यांना थोडा ताप आलाय.

मूळ कल्पना वाईट नव्हती, हे सांगायला हवं. 1970च्या दशकात अमेरिकेत कोणाच्या तरी लक्षात आलं की ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता’ असले हवेतले प्रश्न विचारण्यापेक्षा माणसाने आधी काय केलं ते विचारावं, कारण माणूस पुढेही साधारण तसाच वागतो. त्यातून ‘स्टार’ नावाची चौकट आली : सिच्युएशन, टास्क, अॅक्शन, रिझल्ट. प्रसंग सांगा, तुमच्यावर काय सोपवलं होतं ते सांगा, तुम्ही काय केलंत आणि पुढे काय झालं ते सांगा. दोन-तीन मिनिटांत आटपा. अलीकडे शेवटी ‘लर्निंग’चं एक शेपूटही जोडतात. समोरच्याला प्रश्न ठाऊक नव्हता तोवर हे छान चाललं. आता प्रश्न पाठ आहेत आणि उत्तरं त्याहून पाठ आहेत. तरीही दोन्ही बाजू एकमेकांकडे असं बघतात की जणू हा विषय आजच निघाला.

आमच्या मजल्यावर असाच एक भावी डायरेक्टर राहतो. ‘काका, तुम्ही लिहिता ना? जरा माझ्या अपयशाला हात लावून द्या,’ म्हणत तो परवा लॅपटॉप घेऊन आला. फाईलचं नाव ‘अपयश_फायनल_3’. एक्सेलमध्ये प्रत्येक प्रसंगाला एक ओळ, आणि पुढे रकाने : प्रसंग, काम, कृती, निकाल, लागणारा वेळ, कोणकोणत्या प्रश्नांना चालेल. एकच अपयश पाच प्रश्नांना चालत होतं. मतभेदाला, ग्राहकनिष्ठेला, अनिश्चिततेला, माणसं घडवण्याला आणि उरलंसुरलं अपयशाला. सगळ्यात शेवटी पिवळ्या रंगाचा एक अरुंद रकाना होता, ‘सूचना’. त्यात ‘संपूर्ण जबाबदारी माझी होती’ या वाक्यापुढे लिहिलं होतं : इथे दोन सेकंद थांबणे, खाली बघणे, मग कॅमेऱ्याकडे. आमच्या काळी संगीत नाटकाच्या संहितेतही एवढे बारकावे नसत.

अपयश असं होतं. धनत्रयोदशीची रात्र, खरेदीचा हंगाम, आणि अकरा वाजता पेमेंटचा सर्व्हर बसला. याने तत्काळ वॉर रूम उघडली, घाबरलेल्या टीमला धीर दिला, ग्राहकाच्या वरिष्ठांना दर अर्ध्या तासाने खबर दिली, पहाटे सगळं सुरळीत झालं. चूक कोणती, तर हंगामाआधी लोड टेस्टिंगसाठी याने ‘टीमच्या आत्मविश्वासावर जरा जास्तच विसंबून’ राहणं. हे सगळं तो मला वाचून दाखवत असताना त्याची बायको मुलाचा डबा परत न्यायला आली आणि दारातच थांबली.

‘अरे, त्या धनत्रयोदशीला आपण दिवेआगरला होतो. तुझ्या फोनला रेंज नव्हती.’

‘अगं, मी कॉलवर होतो.’

‘पहाटे होतास. वेल डन टीम म्हणालास आणि झोपलास.’

तो क्षणभर विचारात पडला. मग ‘सूचना’च्या रकान्यात त्याने टाइप केलं : रिमोट लीडरशिप.

निकालाच्या रकान्यात होतं : पुढच्या हंगामात डाउनटाइम 37 टक्क्यांनी घटला. मी विचारलं, 37च का? तो म्हणाला, कोच सांगतो की 40 म्हटलं तर अंदाज वाटतो, 37 म्हटलं तर मोजलेलं वाटतं. हे मात्र मला पटलं. या मंडळींच्या निकालात सतत काही ना काही तीसेक टक्क्यांनी घटत असतं. एकाच खात्यात एकामागून एक असे पाच कर्तबगार नेते येऊन गेले आणि प्रत्येकाने खर्च 30 टक्क्यांनी कमी केला, तर शंभर रुपयांचं बिल सतरावर यायला हवं. बिल कधी सतरावर आलेलं ऐकलंय? आमच्या माहितीत तरी फक्त चहाच्या कपाचा आकार कमी झाला.

आणि तो सर्व्हर! तो काही एकट्याच्या मालकीचा नव्हता. त्या खात्यातून पुढे पांगलेल्या प्रत्येकाच्या एक्सेलमध्ये तो आहे. एकाच्या कथेत तो ग्राहकाच्या हट्टामुळे बसला, दुसऱ्याच्या कथेत शेजारच्या टीमशी झालेल्या मतभेदामुळे, तिसऱ्याच्या कथेत तो बसणार हे याने आधीच सांगितलं होतं. त्या एका बंद पडलेल्या सर्व्हरवर आजवर तिघे डायरेक्टर झाले, असं हाच सांगत होता. चालू राहिला असता तर एवढ्या लोकांची पोटं भरली नसती.

पद्धत इतकी मोलाची असेल तर ती आयटीपुरतीच का ठेवायची? लग्नाचा केटरर ठरवताना आपण अजूनही मागासल्यासारखे मठ्ठा चाखून बघतो आणि त्याने आधी जिथे काम केलं त्या दोन घरी फोन लावतो. त्याऐवजी वधूपित्याने लॅपटॉप उघडून विचारावं, ‘अन्न कमी पडलं असा एखादा प्रसंग सांगा.’ केटररने दोन सेकंद थांबावं, खाली बघावं. ‘वैशाखातलं लग्न. पाचशे पानं सांगितलेली, आले साडेसहाशे. दुसऱ्याच पंगतीला मसालेभात संपला. पंगत उठू न देणं ही माझी जबाबदारी होती. मी आधी परिस्थितीची मालकी घेतली. मग वरपक्षाला विश्वासात घेतलं, कारण खरे स्टेकहोल्डर तेच. वाढप्यांची पाच मिनिटांची स्टँड-अप मीटिंग घेतली. जिलबीचं ताट कोणत्या दिशेने फिरवायचं यावर दोघांत मतभेद होते, मी दोघांचंही ऐकून घेतलं. भात येणार नाही हे स्पष्ट झाल्यावर, उपलब्ध माहितीच्या आधारे, मठ्ठ्याचं प्रमाण वाढवायचा धाडसी निर्णय घेतला. परिणामी तिसऱ्या पंगतीतल्या 37 टक्के लोकांनी जेवल्याचं मान्य केलं, आणि नवऱ्या मुलाच्या मामाने, जो उपाशीच गेला, मला पुढे दोन मुंजी दिल्या.’ आणि शिकलात काय? ‘लोकांना भूक लागते, हे शिकलो.’ वधूपिता उपरण्याने डोळे टिपतो आणि याला कार्यालयाच्या किल्ल्याच देऊन टाकतो. आत चुलीपाशी कोण होतं, आचाऱ्याने तांदूळ आधीच कमी दिल्याचं ओरडून सांगितलं होतं का, सांगितलं तेव्हा याने काय उत्तर दिलं, हे विचारायला वेळ कुठे असतो? पुढची फेरी ‘कल्चर फिट’ची असते.

हसत होतो तोवर बरं होतं. त्या एक्सेलला खाली आणखी एक पान होतं, नाव ‘कठीण निर्णय’. ते अपयशात नव्हतं, कर्तृत्वात होतं. 2022च्या अखेरीपासून जगभरच्या टेक कंपन्यांनी माणसं कमी करायला घेतली, तेव्हा यालाही सतरा नावं द्यायला सांगितलं होतं. याने ती दिली. कशी निवडली, तर बेल कर्व्हच्या तळाला जी होती ती. तळाला कोण होतं, तर वर्षातले सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर असलेली, वडिलांच्या आजारपणामुळे गावाहून काम करणारा, आणि मीटिंगमध्ये ‘ही तारीख जमणार नाही’ असं तोंडावर सांगणारे. हे मी रचत नाही, त्याने रकाना भरून ठेवला होता. निकाल : ‘उर्वरित टीमचं मनोबल एका तिमाहीत पूर्ववत.’ लर्निंग : ‘अवघड बातमी सहृदयतेने देता आली पाहिजे.’ सहृदयता म्हणजे पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. त्यातली पाच मिनिटं जोडणीत गेली, आणि कॉल संपेस्तोवर लॅपटॉप कुलूपबंद झाले होते. अकरा वर्षं काम केलेल्या एका टेस्टर बाईंना ‘थँक यू’चा मेल स्वतःच्याच मेलबॉक्समध्ये वाचता आला नाही. सतरा घरांचे हप्ते थकले आणि याचं एक लर्निंग झालं! या माणसाला कोणी विचारत नाही की बाबा रे, त्या सतरांपैकी एकाचा तरी नंबर दे, आम्ही त्यांना विचारतो तू साहेब म्हणून कसा होतास. अपयशाची गोष्ट ऐकायची एवढी हौस असेल तर ती ज्याच्या अंगावर कोसळली त्याच्याकडून ऐका. पण संदर्भासाठी नावं कोण देतं? उमेदवार देतो. आरोपीने आपले साक्षीदार आपणच आणायचे, आणि न्यायाधीशाने त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या.

चोवीस वर्षांच्या पोराला साधी कोडिंगची नोकरी हवी असेल तर त्याची ऑनलाइन परीक्षा होते, त्याच्या स्क्रीनवर पहारा असतो, डोळे इकडेतिकडे गेले तरी धोक्याची घंटा वाजते. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आधीच्या ठिकाणचं रिलीव्हिंग लेटर, कॉलेजच्या गुणपत्रिका आणि 90 दिवसांचा नोटीस पिरियड. आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचंही पोलीस व्हेरिफिकेशन होतं. शंभर माणसांची रजा, बढती आणि झोप ज्याच्या हातात द्यायची, त्याची परीक्षा मात्र काय, तर गोष्ट सांगा. गोष्टच ऐकायची तर चावडीवर कीर्तन ठेवा, निदान शेवटी प्रसाद तरी मिळेल.

असो. मी त्याच्या अपयशातली दोन वाक्यं सरळ करून दिली, एक ‘जरा जास्तच’ काढलं. कोचने ते परत घातलं. नव्या मसुद्यावर कोचचा शेरा होता, ‘सर, छान आहे, पण थोडं जास्तच खरं वाटतंय.’ महिन्याभरात याचं काम झालं. पेढे घेऊन आला. मी सहज विचारलं, त्या रात्री सर्व्हर चालू केला कोणी?

‘होता एक पोरगा, सोलापूरकडचा. नाइट शिफ्टच्या सपोर्टला,’ तो म्हणाला. ‘काका, गंमत सांगतो. जुन्या ऑफिसातल्या शेवटच्या आठवड्यात तोच टीम लीडच्या मुलाखतीला आला, माझ्याच पॅनेलसमोर. आम्ही विचारलं, एखादं अपयश सांग. बराच वेळ आठवत बसला. मग म्हणतो, सर, धनत्रयोदशीला सर्व्हर बसला होता, पण ते अपयश नाही म्हणता येणार, चार वाजून दहा मिनिटांनी मी चालू केला होता. तुम्हाला मेसेजही टाकला होता.’

‘मग?’

‘मग काय, शेरा लिहावा लागला. आत्मपरीक्षणाचा अभाव. अजून वर्षभर सपोर्टलाच राहू दे म्हटलं, तयार होईल.’