दहा थाऊंचा उद्योग

रायफलच्या काडतुसाचे पुनर्भरण म्हणजे एकदा झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता तिच्यात नवे प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून ती पुन्हा झाडण्याजोगी करणे होय. आणि या क्रियेच्या अनेक पायऱ्यांपैकी जी सर्वांत कंटाळवाणी, पाहुण्यांना सर्वांत कमी दाखवता येण्याजोगी आणि तरीही सर्वांत जास्त खरेदी करायला लावणारी आहे, ती पायरी पुंगळीची वाढलेली लांबी छाटण्याची. 1952 साली बाजारात आलेल्या .308 विंचेस्टर या काडतुसाचे उदाहरण घेतले, तर त्याच्या पुंगळीची कमाल लांबी 2.015 इंच ठरलेली असून छाटल्यानंतर ती 2.005 इंच असावी असा संकेत आहे. हा फरक दहा थाऊंचा, म्हणजे पाव मिलिमीटरचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जो पिंपरी-चिंचवडच्या लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सुतार ज्याला सूत म्हणतो त्या इंचाच्या आठव्या भागात असे बारा फरक मावतात आणि वर थोडी जागा उरते. एवढ्याशा पितळासाठी विजेवर चालणारे यंत्र घ्यावे की नाही, हा प्रश्न अमेरिकेत अत्यंत गांभीर्याने घेतला जातो. अल्फारेटा गावी स्थायिक झालेला मराठी अभियंता तो कसा सोडवतो, याचा येथे विचार करावयाचा आहे. हा अभियंता कोणी एक व्यक्ती नसून एक प्रकार आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

पुंगळी लांब का होते, हे समजल्याशिवाय या उद्योगाला न्याय देता येणार नाही. चाप ओढताच दारूच्या ज्वलनाने जो दाब निर्माण होतो, तो .308 मध्ये दर चौरस इंचास 62,000 पौंडांपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या चार हजार पटींहून वर जाऊ शकतो. त्या दाबाने पुंगळी फुगते, रायफलच्या चेंबरच्या भिंतींना घट्ट चिकटते आणि ज्वलनवायूंना मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे, येऊ देत नाही. सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त अशा ज्या पितळाची ती बनलेली असते, ते नंतर किंचित आकसते, पण मूळ मापावर येत नाही. म्हणून तिला तेलकट वंगण लावून पोलादी साच्यात दाबावे लागते, ज्याला साइझिंग म्हणतात. आणि कडेने दाबलेले पितळ दुसरीकडे वाट न सापडल्यामुळे पुढे सरकून मानेच्या टोकाशी जमा होते. अशी लांबलेली मान नळीच्या आरंभीच्या अरुंद भागात शिरली, तर ती गोळीला चिमटीत धरून ठेवते, गोळी वेळेवर सुटत नाही आणि दाब धोकादायक प्रमाणात वाढतो. तात्पर्य, छाटणी ही हौस नसून सुरक्षिततेची बाब आहे, आणि हे एकच विधान हा छांदिष्ट अभियंता घरातील मंडळींना यंत्राचा खोका दारात आल्यापासून वारंवार ऐकवत असतो. विधान खरे आहे, हीच घरातील मंडळींची अडचण आहे.

अल्फारेटा हे अटलांटाच्या उत्तरेचे गाव 1858 साली मिल्टन परगण्याचे मुख्य ठाणे म्हणून सनद मिळवून बसले. पुढे महामंदीच्या काळात तो परगणाच फुल्टन परगण्यात विलीन झाल्याने ठाणेपण गेले, आणि जॉर्जिया 400 या हमरस्त्याच्या कडेने संगणक कंपन्या आल्यावर गावाला दुसरा जन्म मिळाला. या दुसऱ्या जन्मात मराठी माणूस तेथे आला. पश्चिमेला फार दूर नसलेल्या केनेसॉ गावाने 1982 साली प्रत्येक कुटुंबप्रमुखाने घरी बंदूक ठेवलीच पाहिजे असा ठराव केला, ज्यातून तत्त्वतः विरोध असणाऱ्यांना सूट आहे. अल्फारेटात अशी सक्ती नाही. तेथे सक्ती असलीच तर ती गृहनिर्माण मंडळाची असते, जे पत्रपेटीचा रंग आणि हिरवळीची उंची ठरवून देते. उलट अग्निसुरक्षेचे तेथील रूढ मानक राहत्या घरात, मूळ डब्यांतून, वीस पौंड दारू ठेवण्याला हरकत घेत नाही. नऊ किलो दारूला मुभा आणि वाढलेल्या गवताला नोटीस, ही व्यवस्था भारतातून आलेल्या माणसाला पचायला काही वर्षे लागतात.

तेवढी वर्षे त्याला मिळतातच, कारण कायदाच त्याला थांबवून ठेवतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने बंदूक वा दारूगोळा बाळगणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. आणि त्याच कायद्याच्या व्याख्येनुसार दारूगोळा या संज्ञेत भरलेले काडतूसच नव्हे, तर सुटे प्रायमर, सुटी गोळी आणि रिकामी पुंगळीसुद्धा येते. याचा अर्थ असा की, नेमबाजीच्या मैदानावरून आठवण म्हणून खिशात घातलेली एक रिकामी पुंगळीही ग्रीनकार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला महागात पडू शकते, आणि भारतात जन्मलेल्यांसाठी ती रांग दशकाहून लांब आहे. अपवाद एकच उपयोगाचा: ज्याच्याकडे राज्याचा शिकारीचा वैध परवाना आहे, त्याला ही बंदी लागू होत नाही. त्यामुळे जन्मात अंडेही न फोडलेला गृहस्थ हरणाच्या शिकारीचा परवाना पाकिटात, विमा कार्डाच्या शेजारी, बाळगताना दिसला तर त्यात विसंगती शोधू नये. तो कागदपत्रांच्या बाबतीत काटेकोर आहे, इतकेच. ग्रीनकार्ड हाती आल्यावर मात्र स्वतःच्या वापरापुरते पुनर्भरण करण्यास कोणताही परवाना लागत नाही. विकायला काडतुसे भरली, तर लागतो.

आता यंत्राकडे वळू. छाटणीची साधने मुळात हाताने फिरवायची होती, आणि वीसेक डॉलरांत मिळणारी अशी साधने आजही तेच काम तितक्याच अचूकतेने करतात. परंतु दोनशे पुंगळ्या छाटल्यावर मनगट जे सांगू लागते, त्यातून विजेच्या यंत्राची गरज उद्भवते. यंत्रे दोन पंथांची आहेत. पहिल्या पंथात पुंगळीचे बूड पकडून, बुडापासून मोजून तोंड छाटले जाते. दुसऱ्या पंथात पुंगळी उलटी करून एका पोकळ साच्यात खुपसतात. तिचा खांदा, म्हणजे धड संपून मान सुरू होते तो उतार, साच्यात अडला की तेथपासून पुढे आलेले पितळ पाते कापते. टेक्सासातील गिरॉड यांचे यंत्र याच पंथातले, आणि लिटल क्रो या कारखान्याचे ड्रिलला जोडायचे छोटे साधनही. त्याला उत्पादकाने विनय बाजूला ठेवून ‘जगातील सर्वोत्कृष्ट ट्रिमर’ असेच नाव दिले आहे. दुसऱ्या पंथाची मेख अशी की, खांदा जागेवर नसेल तर लांबीही जागेवर राहत नाही. म्हणून आधी साइझिंग आणि मगच छाटणी हा क्रम मोडून चालत नाही.

प्रत्यक्ष कृती मोठी देखणी आहे. मोटर गुणगुणत असते. पुंगळी आत ढकलताच पाते पितळाला भिडून किरकिरते, ती बोटांत थरथरते, चिमटीत जराशी फिरवत राहिल्यावर दोन-तीन सेकंदांत किरकिर विरते आणि आवाज पुन्हा गुळगुळीत होतो, म्हणजे कापण्यासारखे काही उरलेले नाही. डोळ्यांपेक्षा कानाने चालणारे हे काम आहे. चांगल्या यंत्रात तीन धारांचे पाते असते, जे लांबी छाटतानाच तोंडाची आतली कड उतरती करते, जेणेकरून गोळी बसताना खरवडली जाणार नाही, आणि बाहेरची कोरही काढते. साध्या यंत्रात ही दोन कामे वेगळ्या हत्यारांनी, पुन्हा प्रत्येक पुंगळी हातात घेऊन करावी लागतात. खाली पितळाचा सोनेरी कीस साठतो. तो गॅरेजात राहत नाही. मोज्यांतून दिवाणखान्यातल्या गालिच्यापर्यंत जातो आणि तळपायाला टोचून आपले अस्तित्व कळवतो.

वेळ वाचवणे हा यंत्राचा जाहीर हेतू. हाताने ज्या पुंगळीला अर्धा मिनिट लागे, ती आता काही सेकंदांत होते. मात्र झालेली प्रत्येक पुंगळी डिजिटल कॅलिपरमध्ये धरून पाहण्याची सवय याच टप्प्यावर जडते, आणि मोजणीला छाटणीच्या तिप्पट वेळ जातो. 2.005 ऐवजी 2.006 दिसले की आधी कॅलिपर पुसला जातो, मग शून्यावर आणला जातो, मग पुंगळी फिरवून पुन्हा मोजली जाते, आणि अखेर यंत्राचा स्क्रू अगदी किंचित फिरवून सर्व काम नव्याने सुरू होते. वास्तविक शंभर यार्डांवर एक मिनिट इतक्या कोनाची चूक गोळीला इंचाहून थोडी अधिक बाजूला नेते. श्वास रोखता न येणारा आणि चाप हिसकणारा नेमबाज असे कित्येक इंच सहज उधळतो, आणि थाऊभर पितळाचा त्यात काही हात नसतो. हे त्याला ठाऊक असते. पण श्वासाला स्क्रू नाही.

बचतीचा हिशेबही असाच शास्त्रशुद्ध असतो. विकतच्या काडतुसाच्या किमतीतून दारू, गोळी व प्रायमर यांची किंमत वजा करून प्रत्येक काडतुसामागे होणारी बचत एक्सेलमध्ये मांडली जाते. यंत्राची किंमत भांडवली खर्च म्हणून वेगळ्या रकान्यात जाते, आणि तो रकाना बेरजेत धरायचा राहून जातो. शिवाय पितळ वारंवार झाडल्याने व दाबल्याने कडक होऊन मान तडकू लागते, तेव्हा ती तापवून मऊ करण्याचे, म्हणजे अ‍ॅनीलिंगचे, दुसरे यंत्र खुणावू लागते. या बाबतीत पुणेरी काटकसर आणि अमेरिकन क्रेडिट कार्ड यांचा जो समन्वय घडतो, त्याचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास करावा.

पुंगळ्या धुण्याच्या कामात मात्र मराठी घराचा वारसा उपयोगी पडतो. फिरत्या पिंपात पाणी, भांड्यांचा साबण, पोलादाच्या बारीक सुया आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून त्या तासन्‌तास घुसळतात. चिंचेने घासलेला देवघरातला तांब्या जसा निघतो, तशा त्या निघतात, कारण दोन्हीकडे काम आम्लच करते. एरवी पितळ उघडे पडणे ही नामुष्की, पण येथे तेच साध्य. फक्त देवघरातली भांडी आणि हे पिंप यांची गाठ मोरीत पडू देऊ नये, कारण प्रायमरच्या राखेत शिसे असते. पुंगळ्या हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि गॅरेजात चिवड्याची वाटी नेऊ नये.

जुन्या काडतुसांच्या बाजारात या छांदिष्टाच्या हाती कधी बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरे असलेली .303 ची पुंगळी लागते. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, अर्थात 1869 पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना. एवढे कळताच माहेरचा माणूस भेटल्याचा आनंद होतो आणि ती तत्काळ यंत्राकडे नेली जाते. छाटली जाते, पण भरली जात नाही. तिच्या बुडात बर्डन पद्धतीची व्यवस्था, म्हणजे कडेला दोन बारीक छिद्रे असतात, आणि अमेरिकेतील साच्यांची, जुने प्रायमर बाहेर ढकलणारी सुई मधोमध एकच छिद्र असलेल्या बॉक्सर पद्धतीसाठी बनवलेली असते. यातील बर्डन हा अमेरिकन आणि बॉक्सर हा इंग्रज. दोघांच्या देशांनी एकमेकांचा शोध उचलला आणि आपल्या माणसाचा दुसऱ्याला देऊन टाकला. खडकीची पुंगळी मग फळीवर उभी राहते, लांबीने निर्दोष.

अल्फारेटाच्या उत्तरेला डॉसनव्हिल येथे नेमबाजीचे मोठे क्लब-मैदान आहे. तशा मैदानावर हा गृहस्थ झाडण्यात जितका वेळ घालवतो, त्याहून अधिक वेळ उडालेल्या पुंगळ्या गवतातून गुडघ्यांवर बसून वेचण्यात घालवतो, आणि इतरांनी टाकून दिलेल्याही विचारून घेतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक मिळवले, ते .22 च्या काडतुसावर, ज्याचे प्रायमर बुडाच्या कडेतच भरलेले असल्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही आणि ज्याची पुंगळी जगातील कोणतेही यंत्र छाटत नाही, हे कोणी त्याच्या निदर्शनास आणले, तर तो मान डोलावून अभिनंदनाचे दोन शब्द बोलतो, .22 हा वेगळा प्रकार आहे असे समजावतो आणि कॅलिपर पुसत विचारतो की, मानेच्या भिंतीची जाडी कधी मोजून पाहिली आहे का, कारण त्यासाठी आता एक वेगळेच यंत्र निघाले आहे.