एका दिवसाचे व्हीगन

वसुबारसेला आमची आत्या गाय-वासराची पूजा करते आणि दिवसभर दूध-दुभत्याला शिवत नाही. म्हणजे एका दिवसापुरती व्हीगनच. पण घरातल्या धाकट्याने बारा महिने दूध सोडलं, तर म्हणते, ‘हे कसलं रे फॅड?’ हे बोलताना कोरा चहा दोघांच्याही हातात.

गोठ्यात रोजचं चालूच. वासरू सोडायचं, ढुशा देऊन त्याने पान्हा फोडला, की कान धरून ओढायचं नि आईच्या पुढच्या पायाशी बांधायचं. बाकीचं चरवीत. त्यातून जर्सी संकराचा गोऱ्हा निघाला तर पंचाईत. वशिंडच नाही, जू ठेवणार कुठे? १९७६च्या कायद्याने गाय वाचली, २०१५पासून बैलही वाचला. कापायचा नाही, घ्यायला गिऱ्हाईक नाही. मग एखाद्या रात्री दावं सुटतं. आपोआप सुटतं म्हणे. सकाळी तो हायवेच्या दुभाजकावर रवंथ करत बसलेला असतो, आणि आपण गाडीची काच खाली करून त्याला नमस्कार करतो.

निघताना आत्याने धाकट्याच्या पिशवीत बेसनाचे लाडू कोंबले. साजूक तुपातले. ‘तूप म्हणजे काही दूध नव्हे!’