कच्चा चिकू

आम्हा किनाऱ्यावरच्या कॅथलिकांचा उपवासकाळ म्हणजे देवाशी केलेली थोडी लबाडीच. शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासे चालतात. सातपाटीचं मासळी बंदर ज्याच्या इतकं जवळ, त्याने मटण सोडून पापलेट खाणं याला त्याग म्हणायचं, तर एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारणारे आमचे शेजारीही तपस्वीच ठरतील. म्हणून यंदा राखेच्या बुधवारी कपाळावर क्रूस घेऊन बेटेगावच्या फ्लॅटवर परतलो आणि बायकोला जाहीर केलं, "यंदा मी राग सोडला."

भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "त्यापेक्षा मटण सोडा. जमेल तरी."

मी पडलो हिशेबनीस. संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाचे नऊ गुण मोजले आहेत. मी वहीत नऊ रकाने आखले. दिवस चाळीस, रविवार त्यात धरत नाहीत, तेवढीच रागाला साप्ताहिक सुटी. रोज रात्री जेवून, पंख्याखाली बसून स्वतःला दहापैकी गुण द्यायचे. विसाव्या दिवशी सौम्यतेला साडेनऊ दिले. अर्धा गुण नम्रता म्हणून कापला.

गोम एवढीच, की वही रात्री भरायची आणि परीक्षा सकाळी असायची. बेटेगावहून शेअर रिक्षात चौथा म्हणून अर्धा बाहेर लटकत बोईसर स्टेशन गाठायचं आणि डहाणूहून भरून आलेल्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा शोधायची. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, तेव्हा आम्ही आनंदाने देवाचे आभार मानले होते. त्या प्रार्थनेत बसायला जागा मागायची राहून गेली.

तरी आगगाडीवर माझा विश्वास आहे. कवी नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो आगगाडीतच. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाने तो त्यांच्या हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मलाही गाडीत सहप्रवासी भेटला. त्याने माझ्या पायावर गोणी ठेवली.

एकविसावा दिवस. "जरा सरकवा," मी सौम्यपणे म्हणालो. तो म्हणाला, "कुठे सरकवू? तुमच्या डोक्यावर?" पालघरपर्यंत मी सहनशीलतेचा रकाना आठवत राहिलो. गाडीला धक्का बसला, गोणी दुसऱ्याही पायावर आली आणि मी अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "मी चाळीस दिवस राग सोडलाय, कळत नाही का तुम्हाला?"

डबा क्षणभर गप्प झाला, मग खदखदून हसला. हसण्यात गोणीवालाही होता. विरारला उतरताना त्याने गोणीतून दोन चिकू काढून माझ्या हातावर ठेवले. "घरच्या झाडाचे आहेत. लगेच खाऊ नका, चीक लागेल."

डहाणू-घोलवडकडचा माणूस चिकूच्या तपकिरी रंगाला भुलत नाही. नखाने साल किंचित खरवडतो. खाली पिवळट दिसलं तर फळ तयार. हिरवं दिसलं तर अजून कच्चं. माझीही साल वरून चांगली तपकिरी झाली होती. वहीत तसं लिहिलेलंच होतं. खरवडणारं नख तेवढं भेटलं नव्हतं.

त्या रात्री वही उघडली नाही. टिळकांचा तापटपणा बाप्तिस्म्याने एकदम गेला नाही, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लपवलेलं नाही, एवढाच दिलासा घेऊन झोपलो. चिकू बायकोने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले होते. चौथ्या दिवशी तिने चाचपून पाहिले. एक मऊ झाला होता, तो आम्ही अर्धा अर्धा खाल्ला. दुसरा दगडासारखा.

"फेकून देऊ?" मी विचारलं.

"फेकताय काय? अजून अढीत राहू दे," ती म्हणाली आणि घड्याळाकडे पाहून पुढे म्हणाली, "तुम्हीही निघा आता, गाडी चुकेल."