तलावाकाठचं गिऱ्हाईक

सोलापूरला समुद्र नाही, यात सोलापूरकराचा काही दोष नाही. शरद लागला की किनाऱ्यावरची माणसं दुर्बिणी घेऊन वाळूत उतरतात. आम्ही हिप्परग्याला जातो आणि एकरुख तलावाच्या काठालाच किनारा म्हणतो. इंग्रजांच्या काळात बांधलेला तलाव. लाट नाही, भेळ नाही. पण उत्तरेकडून निघालेल्या पाखराला उथळ पाणी आणि चिखल मिळाला की झालं. पाणी गोडं की खारं, याची चौकशी फक्त माणसं करतात.

पक्षी सप्ताह ५ नोव्हेंबरला, म्हणजे आमच्या सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनी सुरू होतो आणि १२ तारखेला सलीम अलींच्या जन्मदिनी संपतो. यंदा दिवाळी लवकर आटोपली होती, म्हणून नव्या पेठेतले साडीवाले अण्णा माझ्याबरोबर यायला मोकळे होते. नवी पेठ ज्याने दिवाळीत पाहिली आहे, त्याला अण्णांची नजर माहीत असेल. एवढ्या रेटारेटीत, रस्त्यापलीकडच्या बाईकडे बघून ते सांगतात, ‘ही घेणार’ किंवा ‘ही नुसती बघणार.’ घेणारीला चहा. बघणारीला पंख्याखालची जागा.

तलावाकाठी छोटे, तपकिरी, लांब चोचीचे पक्षी चिखलात टोचत होते. या तुतवारांपुढे भलेभले पक्षीमित्र हात टेकतात. मी पुस्तक उघडून पानं उलटत होतो. अण्णांनी दुर्बीण एकदाच लावली.

‘‘सर, तीन माल वेगळे आहेत की ओ. हा अंगभर ठिपक्यांचा. तो गडद, जवळजवळ प्लेन. आणि तो कडेचा, खांद्यापाशी पांढरी पट्टी वर गेलीय बघा.’’

पुस्तकाशी ताडून पाहिलं. ठिपकेवाली तुतारी, हिरवी तुतारी आणि साधा तुतवार. तिन्ही बरोबर.

साध्या तुतवारावर मात्र अण्णांचा राग. तो पाण्याच्या कडेकडेने पळतो, सारखा मागचा भाग वरखाली हलवतो, जरा जवळ गेलं की पाण्यालगत उडून पुढं जाऊन बसतो आणि तिथंही तेच. ‘‘बघायला लागलं की चाललं! असलं गिऱ्हाईक मी ओळखतो.’’

मी पट्टकादंबांची गोष्ट सुरू केली. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून थंडीत आपल्याकडे येतो.

‘‘डबल काठ,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आणि येऊन खातो काय?’’

‘‘गवत. शेतातला हरभऱ्याचा कोवळा पाला.’’

‘‘एवढ्या लांबून येऊन उधारीच?’’

त्या दिवशी हंस दिसले नाहीत. पण अण्णांच्या दुकानात नवी भाषा सुरू झाली. उंच, काटकुळा माणूस आला की पोराला खूण जाते, ‘शेकाट्या.’ मुंबईहून माहेरी आलेली म्हणजे ‘हंगामी पाहुणी’. तिला पैठणीच दाखवायची. धंदा वाढला म्हणतात. पक्षीशास्त्राचा इतका रोकडा उपयोग सलीम अलींच्याही ध्यानात आला नसेल.

परवा सौ.ला घेऊन गेलो. तिने गल्ल्यापासून सुरुवात करून कडेकडेने सगळी कपाटं पाहिली. अण्णा पोराच्या कानात काहीतरी पुटपुटले. मला ‘तुतवार’ एवढंच ऐकू आलं. चहा आला नाही.