बिनपगारी मसुदेनवीस

प्राध्यापक नावाचा इसम शिकविण्यासाठी नेमलेला असतो, अशी एक जुनी व निरागस समजूत पालकवर्गात, आणि क्वचित प्राध्यापकांच्या सासुरवाडीत, अद्याप शिल्लक आहे. वस्तुतः त्याचा दिवस परिपत्रकाने उगवतो आणि अहवालाने मावळतो. मधल्या अवकाशात सभा नसेल आणि वीज असेल, तर तो वर्गावर जातो. १९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच नॅक, स्थापन झाली आणि या कारकुनीला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली. पुढे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिच्यात श्रेयांकांची व निष्पत्तींची अशी काही भर घातली की, इतिहासाच्या प्राध्यापकाला पानिपत शिकविण्यापूर्वी पानिपताची अपेक्षित निष्पत्ती लेखी सादर करावी लागते. (ती सदाशिवरावभाऊंकडून वेळीच मागविली असती, तर मोहीमच कदाचित तहकूब झाली असती.)

अशा या दप्तराच्या राज्यात एक बिनपगारी मसुदेनवीस रुजू झाला आहे. आमचे अंकुशनगर अंबड तालुक्यात, समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने वसलेले. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर, मळीचा वास व्याख्यानात आणि निम्मे विद्यार्थी फडावर, अशी आमची शैक्षणिक वाटणी ठरून गेलेली आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेत चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले तेव्हा आमचा गाळपाचा हंगाम रंगात येत होता, आणि त्यामुळे मानवजातीच्या इतिहासातील या घटनेकडे गावाने द्यावे तितके लक्ष दिले नाही. पुढे मात्र ती विद्या मोबाइलमार्गे प्रथम विद्यार्थ्यांकडे, त्यांच्याकडून कारखान्याच्या शेतकी खात्यातील पोरांकडे आणि सर्वांत शेवटी, परंपरेस अनुसरून, प्राध्यापकांकडे आली.

हा मसुदेनवीस फार विनयशील आहे. रात्री अकराला उठवा, जांभई देत नाही. एकच मजकूर सहा वेळा बदलून मागा, तोंड वाकडे करीत नाही. रजेचा अर्ज टाकीत नाही, फरकाची थकबाकी मागत नाही, आणि चहाच्या वर्गणीचा प्रश्न तर उद्भवतच नाही. त्याच्यात खोट म्हणावी तर एकच, आणि ती अस्सल दरबारी आहे: ठाऊक नाही असे म्हणणे त्याच्या जिवावर येते. त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. आजवर डोळ्यांखालून घातलेल्या अफाट मजकुराच्या बळावर पुढे कोणता शब्द येण्याजोगा आहे, याचा अंदाज बांधीत जाणे हाच त्याचा मूळ धंदा. खरे काय आणि शोभेलसे काय यांतला भेद त्या धंद्यात आपोआप येत नाही. त्यातून जालावर इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर तो किती असणार! म्हणून एकच प्रश्न इंग्रजीत विचारला तर तो वकिलासारखा बोलतो आणि मराठीत विचारला तर सत्काराच्या सूत्रसंचालकासारखा.

तेव्हा त्याला हुकूम कसा द्यावा, ही पहिली विद्या. शेजारच्या घनसावंगी तालुक्यात, जांब येथे, १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सबंध लेखनक्रियेवर आहे. अक्षराचे वळण, ओळींचा सरळपणा, समास सोडणे, कागद, शाई अशा बारीकसारीक गोष्टींत समर्थांनी इतके लक्ष घालावे, याचे मला विद्यार्थिदशेत नवल वाटे. आता वाटत नाही. ‘वार्षिक अहवाल लिही’ एवढेच फर्मान सोडणाऱ्या प्राध्यापकाला जो मजकूर मिळतो, त्यात ‘सर्वांगीण विकास’ प्रत्येक परिच्छेदाच्या दाराशी तोरणासारखा टांगलेला असतो. उलट अहवाल वाचणार कोण, पाने किती हवीत, गतवर्षीचा नमुना असा, यंदा घडलेल्या गोष्टी या आणि एवढ्याच, न घडलेली एकही घालू नये, आणि विशेषणांना सक्त मनाई, असे नीट कलमवार सांगितले म्हणजे तोच मसुदेनवीस असा नेटका मजकूर देतो की, तो आपण लिहिला असे सांगण्याचा मोह आवरावा लागतो. न घडलेले घालू नये, या कलमाबद्दल आमच्या कार्यालयात थोडी कुरबूर झाली, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

दुसरी विद्या याहून महत्त्वाची, आणि ती बहुतेकांना उलटी वाटते. लोक या यंत्राला जे ठाऊक नाही ते विचारतात. मी जे मला पक्के ठाऊक आहे तेच त्याच्याकडून लिहवून घेतो. उदाहरणार्थ, आसईची लढाई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्याच जिल्ह्यात, केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरविणारा वेलिंग्टन तो हाच. या लढाईवर वस्तुनिष्ठ प्रश्न काढण्यास सांगितले, तेव्हा मसुदेनवीसाने भराभर प्रश्न काढले. त्यांतील बहुतेक उत्तम होते, एकात मात्र त्याने शिंद्यांच्या बाजूने असा एक सरदार रणांगणात उतरविला, जो कोणत्याही दप्तरात कधी जन्मास आलेला नाही. मी त्याला तात्काळ बडतर्फ केले आणि उरलेले प्रश्न घेतले. प्रश्नपत्रिका तासाभरात निघाली. ज्याला आसई ठाऊक नाही त्याच्या प्रश्नपत्रिकेत मात्र तो सरदार आज घोड्यावर बसलेला असता आणि दोन गुणांचा धनी झाला असता. आमच्या एका सहकाऱ्यांनी पदोन्नतीसाठी शोधनिबंध सिद्ध करताना संदर्भग्रंथांची यादी याच मसुदेनवीसाकडून मागविली. लेखक, प्रकाशक, साल, पृष्ठक्रमांक, सारे काही यथासांग आले. उणीव एवढीच राहिली की त्यांतले निम्मे ग्रंथ अद्याप कोणी लिहावयाचे होते. सहकारी आता ते स्वतः लिहिण्याच्या विचारात आहेत.

या पंक्तीत अजून एक पथ्य सांगतो आणि पुढे जातो: विद्यार्थ्यांची नावे, गुण, जात-प्रमाणपत्रे या गोष्टी त्याच्या हवाली करू नयेत. परक्या कारकुनापुढे घरची खतावणी उघडू नये, इतके शहाणपण आपल्या वाडवडिलांना होते.

त्याची खरी करामत मी पाहिली ती इंग्रजी प्रकरणे मराठीत आणताना. निजामाच्या अमदानीत, १९१७ साली, हैदराबादेस दारुल तर्जुमा नावाचे भाषांतराचे खाते उघडले गेले आणि पुढल्या वर्षी स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी मोठमोठे विद्वान वर्षानुवर्षे बैठका मारून शास्त्रग्रंथ उर्दूत आणीत राहिले. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. आज आमच्या वर्गातील, इंग्रजी पाहून घाम फुटणारा विद्यार्थी औद्योगिक क्रांतीवरील प्रकरण मोबाइलला दाखवतो आणि मराठी सारांश मिळवतो. मराठी जरा ताठर असते, पण मीही ताठरच शिकवतो. त्या विद्वानांना हे कळते तर त्यांनी आनंद मानला असता की नोकरीची काळजी केली असती, हे सांगणे कठीण आहे.

आता विद्यार्थ्यांकडे वळतो. तेथे मसुदेनवीसाने माझी पुरती परीक्षा पाहिली. ‘माझे गाव’ या विषयावर गृहपाठ दिला होता. वर्गातल्या निम्म्याहून अधिक गावांभोवती हिरवेगार डोंगर उगवले, प्रत्येकातून एक झुळझुळ ओढा वाहू लागला आणि पहाटे मंदिरातील घंटानाद सर्वत्र एकाच वाक्यात ऐकू आला. आमच्या भागात डोंगर म्हणावा तर अंबडच्या मत्स्योदरी देवीची माशाच्या आकाराची टेकडी. बाकी सपाट काळी रानं, जायकवाडीचा कालवा आणि ऊस. झुळझुळ करील असे पाणी पाटबंधारे खात्याच्या पाळीपत्रकावाचून वाहत नाही.

रागावण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी गृहपाठच बदलला. १९७२चा दुष्काळ हा विषय दिला. प्रथम यंत्राला विचारा, त्याचे उत्तर छापून घ्या, मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते वाचून दाखवा आणि ती माणसे जेथे जेथे अडवतील तेथे तेथे शेरा मारून आणा, एवढाच हुकूम. आणि काय सांगू, माझ्या साऱ्या नोकरीत असे गृहपाठ हाती आले नव्हते! यंत्राने लिहिले होते की शासनाने व्यापक प्रमाणावर मदतकार्ये हाती घेतली. समासात शेरा होता: ‘खडी फोडली. हाताला फोड. मुकादम हजेरी खायचा.’ यंत्राने पाझर तलावांचा उल्लेख केला होता. एका आजोबांनी आपण कोणत्या तलावाच्या भरावावर माती टाकली, त्यात पाणी कोणत्या साली आले आणि शेजाऱ्याने ते कसे पळविले, हे तीन पाने सांगितले होते. सुकडीची चव, ती डब्यात घरी नेण्याची युक्ती, छावणीत सोडलेली जनावरे, आणि यंत्राच्या मते ‘परदेशातून आयात करण्यात आलेले पौष्टिक धान्य’, म्हणजे तो अमेरिकन तांबडा मिलो! यावर महाकाळ्याकडच्या एका आजीचा शेरा नातवाने जसाच्या तसा उतरविला होता: ‘ज्यानं हे लिव्हलंय त्येला आठ दिस मिलोची भाकर घाला म्हणावं. मग पौष्टिक लिव्हतो का बघू.’ अभिप्राय म्हणून हा मी पाहिलेल्या कोणत्याही शोधनिबंध-परीक्षकाच्या अहवालापेक्षा नेमका होता, आणि मुख्य म्हणजे मुदतीत आला होता.

आजीबाईंना मात्र यंत्रावरचा राग ओसरल्यावर त्याची उपयुक्तताही दिसली. नातवाबरोबर त्या एका शनिवारी महाविद्यालयात आल्या, खुर्ची नाकारून भिंतीशी बसल्या आणि म्हणाल्या, ‘मास्तर, इतकं लिव्हतंय तं माझा अर्ज लिव्हील का?’ श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज कुठेतरी अडला होता. माहिती आजींची, कलमे माझी आणि भाषा मसुदेनवीसाची, असा तो अर्ज सिद्ध झाला. तलाठ्याचे नाव शासनाने २०२४ साली बदलून ग्राम महसूल अधिकारी केले आहे, तेही मी आठवणीने घातले; नव्या पदनामाने संबोधल्यावर कोणता अधिकारी विरघळणार नाही? अर्ज घेणाऱ्या कारकुनाने तो दोनदा वाचला, शिक्का मारला आणि आदराने विचारले, ‘आजी, वकील कोण लावला?’

‘कालिजातला मास्तर हाये,’ आजी म्हणाल्या, ‘पैसे बी घेत न्हाई.’

ही दुसरी गोष्ट त्यांनी गावात सांगावयास नको होती. तेव्हापासून दर शनिवारी आमच्या विभागाच्या व्हरांड्यात वारसनोंद, पीकविमा, पाणीपाळी आणि थकलेली ऊसबिले घेऊन माणसे बसलेली असतात, त्यांना चहा मागवावा लागतो, आणि प्राचार्यांनी हा सारा प्रकार ‘विस्तारकार्य’ या सदराखाली घेऊन त्याचा छायाचित्रांसह अहवाल सोमवारपर्यंत मागितला आहे.