डीसीकालीन गृहस्थ

मुंबईच्या लोकलमध्ये आढळणाऱ्या प्रवाशांच्या नाना जातींपैकी ‘डीसीकालीन गृहस्थ’ ही जात, संख्येने घटत असली तरी आवाजाने घटलेली नसल्यामुळे, स्वतंत्र अभ्यासास पात्र ठरते. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारा विद्युतप्रवाह. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्टच्या याच प्रवाहावर, आणि ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावरून अखेरची डीसी लोकल गेल्यावर मुंबईचे उपनगरी जाळे २५,००० व्होल्टच्या एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाकडे सोपवले गेले. तारेतल्या विजेने दिशा बदलली, गृहस्थाने मात्र बदलली नाही.

त्याचे ज्ञान अस्सल असते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जुन्या गाडीत मोटरवर एकदम सारा दाब येऊ नये म्हणून विजेच्या वाटेत रोधक, म्हणजे प्रवाहाला अडवणारे भाग, घातलेले असत आणि वेग वाढेल तसे ते टप्प्याटप्प्याने वगळले जात; त्यामुळे गाडी सुटताना हिसके बसत आणि बरीच वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. नव्या गाड्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणामुळे सलग वेग घेतात, ब्रेक लागताना काही वीज तारेला परतही करतात. परंतु ही काटकसर गृहस्थाला रुचत नाही, कारण गाडी सुटल्याचे माणसाच्या मणक्याला कळलेच पाहिजे, असा त्याचा सिद्धान्त आहे.

जाळीतल्या पंख्याविषयीचे त्याचे प्रतिपादनही असेच तर्कशुद्ध असते. हे पंखे पुष्कळदा अडून बसत आणि जाळीतून कंगवा घालून पाते ढकलल्याखेरीज फिरत नसत, ही गोष्ट तो नाकारत नाही. उलट, स्वतः टकला झाल्यावरही खिशात कंगवा बाळगण्याचे कारण म्हणून ती अभिमानाने पुढे करतो.

संशोधकाला खरा पेच पडतो तो आसनांच्या बाबतीत. तिघांच्या बाकावर ‘जरा सरका’ म्हणत अर्ध्या मांडीवर टेकणाऱ्या चौथ्या प्रवाशाची जागा ‘चौथी सीट’ म्हणून ओळखली जाते, आणि त्या काळी गर्दी इतकी असे की चौथी सीट मिळणे हेही भाग्य मानले जाई, असे हा गृहस्थ छातीठोकपणे सांगतो. स्वतः मात्र तो नेहमी खिडकीशी, आणि तीही वाऱ्याच्या दिशेच्या खिडकीशी, बसलेला असतो. या वर्गातील सर्वांच्या साक्षी एकत्र मांडल्या, तर जुन्या डब्याला चहूबाजूंनी केवळ खिडक्याच होत्या आणि चौथ्या सीटवर कोणीही कधी बसले नव्हते, असा निष्कर्ष निघतो.

२५ डिसेंबर २०१७ पासून धावू लागलेल्या वातानुकूलित लोकलवर त्याचा आक्षेप एवढाच, की तिच्या खिडक्या उघडत नाहीत. मे महिन्यात मात्र तुलनात्मक अभ्यासाची गरज भासू लागल्याने तो तिचा पास काढतो, रुमाल टाकून खिडकीची जागा धरतो आणि काच बंद असल्याची तक्रार थेट कुर्ल्यापर्यंत करत जातो.