डावी भुवई कायम

निवृत्तीनंतर पेटी शिकू लागणारे, निवृत्तीनंतर होमिओपॅथीचे ग्रंथ वाचून शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळ्या चारणारे आणि निवृत्तीनंतर गच्चीवर ब्रह्मकमळ लावून ते उमलण्याच्या रात्री सगळ्या आळीला जागरण घडवणारे गृहस्थ वाचकांच्या नित्य परिचयाचे असल्यामुळे त्या वर्गाचे सामान्य वर्णन करण्यात मी शाई दवडीत नाही. छंद स्वतः निरुपद्रवी असतो. त्याला प्रेक्षक लागला की उपद्रव सुरू होतो. तरी प्रेक्षकाचे एक वेळ निभावते, कारण मान डोलावून त्याला घरी जाता येते. आमच्या भाऊसाहेबांच्या छंदाला मात्र प्रेक्षक पुरत नाही, नमुना लागतो. आणि नमुन्याला हलण्याची परवानगी नसते.

भाऊसाहेब खानदेशातल्या एका मामलेदार कचेरीतून (कोणत्या, ते विचारू नये) अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, जळगावात आमच्या शेजारी घर बांधून राहिले, आणि आता ते रेझिनच्या बाहुल्यांचे चेहरे रंगवतात. त्यांच्याशी बोलताना प्रथम असा भास होतो की हा मनुष्य आपले बोलणे विलक्षण एकाग्रतेने ऐकत आहे. माझ्या धाकट्या भावाच्या शस्त्रक्रियेची हकीकत मी त्यांना सांगत होतो, त्यांची नजर माझ्या मुखावर खिळलेली होती, त्यांनी खिशातली पेन्सिल काढून एक डोळा मिटून ती माझ्यासमोर आडवी धरली, आणि मी भूल देण्याच्या प्रसंगापर्यंत येऊन पोहोचलो असता ते हळुवारपणे म्हणाले, “तुमची उजवी भुवई शेवटाकडे उतरते. तशीच राहू द्या.” तेव्हापासून आळीत त्यांच्याशी कोणी दुःखाचे बोलत नाही. भाजीवालीही पैसे घेताना पदर कपाळावर ओढते.

या उद्योगाचे मूळ जपानात आहे. भाऊसाहेबांचा मुलगा तिकडे नोकरीस असून त्याच्या कन्येने दोन वर्षांपूर्वीच्या सुटीत आपली एक बाहुली आजोबांकडे ठेवली. ही बाहुली म्हणजे आपल्या जत्रेतली लाकडी ठकी नव्हे. व्होल्क्स नावाच्या जपानी कंपनीने १९९९ साली या घाटाच्या बाहुल्या प्रथम विक्रीस आणल्या आणि पुढे कोरियादी देशांतून त्यांचे शेकडो अवतार निघाले: सुमारे दोन फूट उंची, पॉलियुरेथेन रेझिनचे सुटे अवयव, प्रत्येक सांध्यात गोळा, आणि सगळे शरीर आतून इलॅस्टिकने ताणून बांधलेले. डोक्याची कवटी झाकणासारखी निघते; डोळे वेगळे मिळतात व ते आतल्या बाजूने बसवायचे असतात; केसांचा टोपही वेगळाच. षौकीन लोक ती मुद्दाम कोऱ्या चेहऱ्याची घेतात आणि भुवया, पापण्या, ओठ, गालांवरची लाली स्वहस्ते रंगवतात. नातीने हे सर्व समजावून सांगितले, पण किंमत सांगितली ती विमानतळावर निघताना. वहिनी मटकन खाली बसल्या. “एवढ्या पैशांत नुसते डोके? वर केस नाहीत, डोळे नाहीत, भुवया नाहीत!” असे त्या म्हणाल्या, आणि भाऊसाहेबांच्या ठायी सुप्त असलेला कारागीर त्या शेवटच्या शब्दाने जागा झाला.

कारण काय असेल ते असो, गाल त्यांना पहिल्याच दिवशी साधले. रंगीत खडू पात्याने खरवडून त्याची भुकटी मऊ कुंचल्याने लावायची, ओठांना पातळ रंगाचे हात द्यायचे, प्रत्येक थरावर संरक्षक फवारा मारून तो थर पक्का करायचा, म्हणजे वरचा हात बिघडला तरी खालचा शाबूत राहतो. हे तंत्र फाइलीवर फाइल चढवण्याची सवय असलेल्या माणसाला अवघड वाटण्याचे कारण नव्हते. डावी भुवईही झाली. बारीक कुंचल्याने एकेक केस काढीत त्यांनी ती अशी उतरवली की वहिनींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग उजवी भुवई काढावयाची वेळ आली, आणि ती अजून चालू आहे.

या विद्येतल्या नवशिक्यांचा हा जगभरचा रोग आहे म्हणतात. पहिली भुवई हात काढतो, दुसरी भीती काढते. भाऊसाहेबांनी तिच्यावर शासकीय उपाय योजला. त्यांनी लाल बांधणीची एक नोंदवही आणली, रकाने आखले, आणि अनुक्रमांक, डावी, उजवी, तफावत व शेरा अशा शीर्षकांखाली प्रत्येक यत्नाची नोंद सुरू केली. सकाळी फिरायला निघालेल्या माणसाने शिष्टाचार म्हणून “काय भाऊसाहेब, कसं काय?” असे विचारले की फाटकातूनच उत्तर येते: “डावी कायम. उजवी नामंजूर.” एकदा त्यांना ताप आला होता व डॉक्टरांनी प्रकृतीविषयी तोच प्रश्न केला असता त्यांनी तेच उत्तर दिले, त्यामुळे डॉक्टरांनी उजव्या फुप्फुसाचे चित्र काढण्यास सांगितले. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली निवर्तले आणि ज्या धुळ्यात त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने जुने कागद जिवापाड जपले, त्या मंडळास आपल्या पश्चात ही वही अर्पण करावी असा भाऊसाहेबांचा मानस आहे. मंडळास अद्याप याची वार्ता नाही.

पुढे त्यांनी आणखी कोरी डोकी मागवली. आज त्यांच्या बैठकीतल्या फडताळात जी ओळ मांडलेली आहे तिच्यासमोर बसून चहा पिणे हे सामान्य धैर्याचे काम नव्हे. प्रत्येकीची डावी भुवई जागच्या जागी, सौम्य, निर्दोष. आणि उजवी, ती जुळावी म्हणून वर-वर सरकत गेल्यामुळे, कपाळात चढलेली. परिणामी जपानी घडणीच्या त्या सर्व लावण्यवती पाहुण्याकडे एकाच मुद्रेने पाहतात, आणि ती मुद्रा कोणत्याही कचेरीत अर्ज घेऊन गेलेला मनुष्य तत्काळ ओळखील: “मूळ प्रत कुठाय?” माझा एक मित्र शेतीच्या फेरफाराकरिता सहा महिने खेटे घालून थकला होता, त्याला मी सहज तिथे घेऊन गेलो, तो उंबऱ्यावरच थबकला आणि त्याने नकळत खिसे चाचपले.

हवामानानेही भाऊसाहेबांचा अंत पाहिला. तो संरक्षक फवारा दमट हवेत मारला तर चेहऱ्यावर पांढुरकी साय धरते, म्हणून पावसाळा बाद; आणि आमच्या वैशाखात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना मारला तर त्याचे तुषार वाटेतच वाळून चेहऱ्यावर भुकटी होऊन बसतात व गाल काचकागद होतो, म्हणून उन्हाळाही बाद. पहाटेचा गारवा साधावा म्हणून ते नाकातोंडावर रंगाऱ्याचा मुखवटा बांधून गच्चीवर फवारीत असत. त्याच गच्चीवर वहिनींच्या कुरडया वाळत होत्या. शेजारची सून पहाटे आपले पापड घालायला वर आली तेव्हा तिला कुरडयांच्या रांगेत काठ्यांवर खोचलेली डोकी आणि त्यांच्यामध्ये विनातोंडाचा एक मनुष्य दिसला. पापडांचे पीठ जिन्यात सांडले ते दुपारपर्यंत तिथेच होते. शिवाय रेझिनला ऊन सोसत नाही हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. गच्चीच्या खोलीत खिडकीशी दोन उन्हाळे काढलेल्या पहिल्या बाहुलीला अशी कांती आली की जळगावच्या केळ्याशेजारी ठेवली तर व्यापाऱ्याने तिचाही भाव केला असता. नातीला कळवलेले नाही. वहीत शेरा आहे: “वर्णात नैसर्गिक फेरफार.”

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळालाच देवीचे रूप देऊन नथ, डोळे, दागिने चढवतात. रोट होतात, रात्र जागवतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन करतात. गेल्या वर्षी भाऊसाहेबांनी आपल्या घरच्या कानबाईचे मुख रंगवण्याचा प्रस्ताव मांडला. एरवी पतीच्या कोणत्याही हुकमावर सही करणाऱ्या वहिनी त्या दिवशी देवघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. “आई वर्षातून एकदा घरी येते,” त्या म्हणाल्या, “तिनं संशयानं पाहिलं तर रोट कोणाच्या घशाखाली उतरेल?” प्रस्ताव दप्तरी दाखल झाला.

मग कोणी तरी सुचवले की भुवई पाहायची तर अजिंठ्याला जावे. जळगावाहून लेणी साठ किलोमीटरांच्या आत-बाहेर, त्यामुळे आम्ही जन्मभर ती ‘पुढच्या वेळी’ पाहणार असतो. भाऊसाहेब एस.टी.ने फर्दापूरपर्यंत गेले आणि तिथे त्यांना कळले की दिवस सोमवारचा असून लेणी सोमवारी बंद असतात. बंद दारापुढे उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिलाच. “निदान फलक मोठा लावावा!” असे ते तावातावाने सांगत होते, तेव्हा वहिनी माझ्याकडे पाहून गालातल्या गालात हसल्या. दुसऱ्या खेपेस त्यांना पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी पाहता आला. त्या मंद उजेडात रखवालदाराने पुढे सरकवीपर्यंत ते उभे होते. परत आल्यावर मी मोठ्या अपेक्षेने विचारले, तर म्हणाले, “भुवया अप्रतिम आहेत. धनुष्यच. पण एक खटकलं. तो खाली पाहतो. समोरच्याकडे बघतच नाही.” क्षणभर थांबून ते पुढे म्हणाले, “आमच्या आस्थापनेत शोभला असता.”

हे वाक्य ते विनोदाने बोलले की नाही याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही, पण त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. अव्वल कारकुनाच्या खिडकीपुढे दिवसाला जितकी माणसे उभी राहतात त्यांच्या गावांची, गटांची, अर्जांच्या तारखांची नावनिशीवार माहिती भाऊसाहेबांना आजही मुखोद्गत आहे. शिरपुराकडच्या कोणत्या खातेदाराचा कोणता दाखला कोणत्या साली अडला ते ते झोपेतून उठून सांगतील. एकाचाही चेहरा त्यांना आठवत नाही. आठवायला तो पाहिलेला असावा लागतो, आणि पाहायला मान वर करावी लागते. कागद तर खाली असतो. हा मनुष्य उभी हयात कागदावर खिळलेली नजर काढून साठीनंतर कोठे माणसाच्या भुवईपर्यंत चढला आहे. डोळे तिथून खाली जेमतेम एक बोट. इतके जवळ येऊन तो नेमका उजव्या भुवईशी अडून बसला याचा मला राग येई, आणि त्या रागात थोडी माया मिसळू लागली आहे हे ध्यानात आल्यावर अधिकच राग येई.

भाद्रपदी पौर्णिमेला गुलाबाई बसतात. कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणतात, आणि डब्यातला खाऊ आवाजावरून ओळखण्याचा आग्रह धरून यजमानाला पेचात टाकतात. त्याआधी बाजारात मातीच्या गुलाबाई आणि गुलोजी विकायला येतात. तिथे एका म्हाताऱ्या बाईची पाटी असते; ती गिऱ्हाइकाशी हुज्जत घालीत, न बघता, मूर्तीला दोन फटकाऱ्यांत दोन भुवया काढते आणि त्या जुळतात. भाऊसाहेबांनी हे पाहिले आणि ते तिच्यासमोर फूटपाथवर मांडी घालून बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी बाईने, बहुधा गिऱ्हाईक अडते म्हणून, त्यांच्या हातात कुंचला दिला. “तुमी मिशा काढा, भाऊसाहेब. डोया मी काढसु.” गुलोजीची मिशी वाकडी झाली तरी तो अधिकच रुबाबदार दिसतो हे तिचे शास्त्र होते, आणि ते अचूक ठरले. भाऊसाहेब मान खाली घालून मिशांमागून मिशा काढीत सुटले. बाई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हाई टक्कल मी कोठे तरी देखेल शे.”

ती निराधारांच्या अनुदानाचा अर्ज घेऊन त्यांच्या खिडकीशी उभी राहिली होती. एकदा नव्हे. अर्ज “त्रुटीपूर्तीसाठी परत” आला होता. वयाचा दाखला जोडलेला नव्हता, आणि आपले वय कोणत्या कागदावर लिहिलेले आहे हे तिला ठाऊक नसल्यामुळे तिने तो नाद सोडला होता. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. सांगता सांगता तिने एका गुलाबाईला नथ काढली. भाऊसाहेबांनी गाव विचारले, साल विचारले, आणि अर्जाचा आवक क्रमांक तिथल्या तिथे तोंडपाठ म्हणून दाखवला.

नंतरचे मला वहिनींकडून कळले. त्यांनी बाईच्या शाळेतला जुना दाखला हुडकला, नवा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिला, आणि तिला उन्हात कशाला न्यायचे म्हणून स्वतःच तो घेऊन त्याच कचेरीत, त्याच खिडकीशी, बाहेरच्या बाजूने जाऊन उभे राहिले. ओळख सांगितली असती तर आत खुर्ची मिळाली असती. त्यांनी ती का सांगितली नाही हे त्यांनी वहिनींनाही सांगितलेले नाही. संध्याकाळी ते परतले ते घामाने निथळत आणि संतापाने थरथरत. “दोन तास उभा होतो,” ते मला म्हणाले. “पोरगा तरतरीत आहे, अक्षर चांगलं आहे, शिक्का सरळ मारतो. पण भुवया? उजवी तर सोडाच, डावीसुद्धा दिसली नाही!”

करमणुकीला त्यांनी काही तरी करायला हवेच होते. पोचपावतीच्या पाठीवर, पेन्सिलने, त्या पोराच्या भांगाचे आणि मागे हटू लागलेल्या टाळूचे एक चित्र त्यांनी काढले आहे. बाहुल्यांत जे कधी साधले नाही ते त्यात साधले आहे: दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. पावती बाईला द्यायला ते बाजारात गेले तेव्हा मी बरोबर होतो. तिने कागद उलटा धरला, सुलटा धरला, मग चित्राकडे आणि भाऊसाहेबांकडे आळीपाळीने पाहून निकाल दिला:

“हाई ते तुमीच!”